‘मेमरी फुल’ म्हणजे नक्की काय फुल? कारखान्याच्या कॉम्प्युटरच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. त्यावर हिशोबाचं टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, पार्ट्यांचे मेल आणि गठ्ठ्यांवर लावायची बारकोडची लेबलं, सगळं चालतं. मार्च एंड तोंडावर आलाय आणि आज मशीन सुरू होऊन हाताशी यायला ६ मिनिटं ४० सेकंद लागली. मोबाईलवर वेळ लावून मोजली. टॅली उघडायला त्यानंतर २ मिनिटं १० सेकंद. टॅलीशेजारी ब्राउझर उघडला की माऊसचा बाण जागच्या जागी अडखळतो आणि विंडो पांढरी पडते.

अण्णा म्हणाले, “मेमरी फुल झाली असंल, वाढवून घे.” दिवाणजी म्हणाले, “डिलीट करा की ताई, लई फोटो साठलेत त्यात.” दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि शब्द एकच वापरत होते. ते मला तेव्हा कळलं नाही, आणि त्यात दहा दिवस आणि काही हजार रुपये गेले. जुना पीसी सांभाळणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून हे तारीखवार लिहून ठेवतेय.

मशीन असं आहे: तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), ४ जीबी रॅम (चालू काम ठेवायची मेमरी), ५०० जीबी हार्ड डिस्क (फाइली साठवायची जागा), विंडोज १०. प्रॉपर्टीज (कॉम्प्युटरच्या माहितीचं पान) उघडून पाहिल्या तेव्हा रॅमपुढे ‘४.०० जीबी (वापरण्याजोगी ३.४१ जीबी)’ असं काहीसं होतं. वाचलं आणि पुढे गेले. त्या कंसात काय दडलंय ते १६ तारखेच्या नोंदीत येईल.

सी ड्राइव्हची पट्टी मात्र लाल होती. १०० जीबीपैकी ५.८ जीबी शिल्लक. मला वाटलं, दुखणं सापडलं.

५ मार्च, बुधवार

दोन संध्याकाळी सफाईत गेल्या. डिझाइनचे फोटो, पार्ट्यांनी पाठवलेले रंगांचे नमुने, सात वर्षांच्या जुन्या पीडीएफ. १ टीबीची बाहेरून लावायची हार्ड डिस्क आणली, ₹४,३००. त्यावर ४६ जीबी माल हलवला, तपासला, मग इथला पुसला. लाल पट्टी निळी झाली.

आज सकाळी पुन्हा वेळ लावली. ६ मिनिटं २५ सेकंद. पंधरा सेकंदांचा फरक तर रोजच्या रोजही पडतो. टॅलीला तेवढीच वेळ, बाण तसाच अडखळतोय.

एक गोष्ट बदलली ती लिहून ठेवते. मधूनमधून ‘कॉम्प्युटरची मेमरी कमी पडतेय, प्रोग्राम बंद करा’ असा संदेश यायचा, तो आज दिवसभरात एकदाही आला नाही. जागा मी डिस्कवर मोकळी केली आणि तक्रार मेमरीची थांबली. असं कसं?

८ मार्च, शनिवार

आज मॅनेजरसारखी समोर बसून नुसती पाहत राहिले. टास्क मॅनेजर उघडायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचे. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर डाव्या बाजूला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क अशी चित्रं असतात. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरचे आठ टॅब उघडल्यावर दिसलं ते असं: सीपीयू २० टक्क्यांच्या आसपास, मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के.

डिस्क १०० टक्के पाहून मला धक्काच बसला. परवाच तर ४६ जीबी मोकळे केले! तासभर मी पुन्हा फाइली शोधत आणि पुसत बसले. रिसायकल बिन रिकामं केलं, टेम्पचं फोल्डर साफ केलं. डिस्क १००ची १००च.

हा आकडा बहुतेकांना फसवत असणार, म्हणून ठळकपणे सांगते. टास्क मॅनेजरमधले ‘डिस्क १०० टक्के’ म्हणजे डिस्क भरलेली नव्हे. ती किती वेळ कामात गुंतली आहे त्याचा तो आकडा आहे. मोजलेल्या वेळात डिस्कला क्षणभरही उसंत मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोदाम अर्धं रिकामं असलं तरी दारात हमालांची रांग लागलेली असू शकते. मेमरीचा ९३ टक्के मात्र खरंच भरलेपणाचा आकडा आहे. एकाच पानावर, एकाखाली एक, टक्क्यांचे दोन आकडे आणि दोघांचे अर्थ वेगळे.

मग रांग कसली लागलीय, हा प्रश्न उरला.

१० मार्च, सोमवार

टास्क मॅनेजरच्या तळाशी ‘रिसोर्स मॉनिटर’ची लिंक असते. त्यात मेमरीच्या टॅबवर ‘हार्ड फॉल्ट्स/सेकंद’ नावाचा आलेख आहे. नाव ऐकून बिघाड वाटतो, पण बिघाड नव्हे. प्रोग्रामला हवी असलेली गोष्ट रॅममध्ये मिळाली नाही आणि ती डिस्कवरून आणावी लागली, की एक हार्ड फॉल्ट मोजला जातो. अधूनमधून चार-दोन येणारच. आमच्याकडे ब्राउझरवरून टॅलीवर गेलं की आलेख थेट छताला लागत होता.

डिस्कच्या टॅबवर सगळ्यात वर कोणती फाइल होती? पेजफाइल. विंडोज ही फाइल सी ड्राइव्हवर लपवून ठेवतं. रॅम पुरेनाशी झाली की ज्या गोष्टींना थोडा वेळ कोणी हात लावलेला नाही त्या उचलून ह्या फाइलीत ठेवतं आणि रॅममध्ये जागा करतं. पुन्हा लागल्या की परत आणतं. म्हणजे माझं मशीन दिवसभर हिशोब करत नव्हतं, माल आत-बाहेर करत होतं. डिस्कच्या दारातली रांग ती हीच.

पाच तारखेचं कोडंही इथेच सुटलं. पेजफाइल मोठी व्हायला सी ड्राइव्हवर जागा लागते. तिथे जागाच नव्हती, म्हणून विंडोज मेमरीच्या नावाने ओरडत होतं. जागा झाल्यावर ओरडणं थांबलं, पण काम मंदच राहिलं, कारण मेमरीची उणीव मंद डिस्कवर भागवणं चालूच होतं.

अण्णांना समजावून सांगायचं होतं. आमचे माग अजून धोट्याचे; धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा. विणकराच्या हाताशी भरलेल्या कांड्यांची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या नळ्यांची, पेटी असते, सूत गोदामात असतं. धोट्यातली कांडी संपली की हात पेटीत जातो, क्षणात दुसरी कांडी चढते, माग चालू. पेटी म्हणजे रॅम, गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. मी फोटो पुसून गोदाम रिकामं केलं होतं आणि पेटी होती तेवढीच लहान होती. अण्णा ऐकून म्हणाले, “म्हणजे माग थांबतोय तो कांडीसाठी. सूत तर पडून आहे.” अगदी बरोबर.

त्यांनी विचारलं की गोदामातून आणायला असा कितीसा जास्त वेळ लागतो. आकडे मांडले. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद धरा, फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद. फरक एक लाख पटीचा. पेटीतून कांडी काढायला एक सेकंद लागत असेल तर गोदामात जाऊन यायला जवळजवळ २८ तास. आज पाठवलेला माणूस उद्या संध्याकाळी परत. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “मग पेटी मोठी आण.”

१२ मार्च, बुधवार

आज नुकसान झालं. हैदराबादच्या पार्टीची पॅकिंग लिस्ट एक्सेलमध्ये भरत होते. साईज, रंग, डझन, गठ्ठा नंबर, अशा ६२ ओळी. अकराच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसने एक शिट्टी मारली आणि तोही बसला; त्याची बॅटरी कधी संपली ते कोणालाच माहीत नव्हतं. लाईट आल्यावर एक्सेलने आपणहून जपून ठेवलेली प्रत उघडून दिली. तिच्यात ३७ ओळी होत्या. एक्सेल मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी अशी प्रत ठेवतं. शेवटच्या प्रतीनंतरच्या २५ ओळी गेल्या. ट्रान्स्पोर्टची गाडी उभी होती आणि मी गठ्ठे पुन्हा उघडून मोजत होते.

दिवाणजींनी विचारलं, “स्क्रीनवर दिसत होतं की ताई, मग गेलं कुठं?” दिसत होतं ते रॅममध्ये होतं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये भरलेला विजेचा भार, आणि तो सतत गळत असतो. आमच्या डीडीआर३ रॅममध्ये ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी उरत नाही. डिस्कवर तसं नाही, तिथे चुंबकाने उमटवलेली खूण असते आणि ती विजेशिवाय राहते. सेव्हचं बटण दाबणं म्हणजे पेटीतला माल गोदामाच्या वहीत चढवणं. पेटीला वही नाही.

यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदलली, ₹९५०. एक्सेलची ती मुदत १० वरून २ मिनिटांवर आणली.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

कारखाना बंद. कॅबिनेट उघडलं. आत टॉवेलाची लव बोटभर जाडीची साठली होती, पंख्याची पाती पांढरी झालेली. यंत्रमागाच्या आवारातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं पोट असंच असणार. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याची बेअरिंग जाते.

रॅमसाठी बोर्डावर दोन खाचा. एकीत पट्टी, दुसरी रिकामी. पट्टी काढून लेबल वाचलं नाही, फक्त रिकामी खाच आहे एवढं पाहून खूश झाले. चूक.

१५ मार्च, शनिवार

नवी पेठेत गेले आणि सांगितलं, “डेस्कटॉपसाठी ८ जीबी रॅम द्या.” दुकानदाराने दिली. घरी येऊन लावायला गेले तर पट्टीच्या कडेची फट बोर्डावरच्या अडणीशी जुळेना. ती डीडीआर४ होती. तिला २८८ पिना, आमच्या डीडीआर३ला २४०, आणि फटीची जागा मुद्दाम वेगळी, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये. जोर लावला असता तर खाच तुटली असती.

मग जुन्या पट्टीचं लेबल वाचलं: ‘४जीबी १आरएक्स८ पीसी३-१२८००यू’. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १२८०० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२,८०० एमबी माल हलवण्याची तिची क्षमता. शेवटचा यू म्हणजे साधी डेस्कटॉपची पट्टी. हे एवढंसं लेबल मोबाईलवर फोटो काढून नेलं असतं तर एक चक्कर वाचली असती. दुकानात बदलून मिळाली, पण ₹१५० कापले. त्याच लेबलाची दुसरी ४ जीबी पट्टी घेतली, ₹८५०. एकच ८ जीबीची घेण्यापेक्षा सारख्या दोन घेतल्या, कारण दोन्ही खाचांत सारख्या पट्ट्या असल्या की बोर्ड दोघींकडून एकाच वेळी माल उचलतो.

ऑनलाइन स्वस्त डीडीआर३ पट्ट्याही दिसल्या, वर्णनात बारीक अक्षरांत ‘फक्त एएमडीसाठी’ लिहिलेलं. आमचा बोर्ड इंटेलचा. तसल्या घेऊ नका, मशीन सुरूच होत नाही.

१६ मार्च, रविवार

नवी पट्टी बसवली, बटण दाबलं. स्क्रीन काळी, नुसत्या बीप. पट्टी काढून पुन्हा लावली, तेच. जुनी एकटी लावली, तरी बीप. आता पोटात गोळा आला. बोर्डच गेला की काय? पाऊण तास असाच गेला.

दोष खाचेत होता. परवा ब्लोअरने उडालेली लव रिकाम्या खाचेत आणि पट्टीच्या सोनेरी कडांवर जाऊन बसली होती. भाच्याच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेऊन दोन्ही पट्ट्यांच्या सोनेरी कडा हलक्या हाताने पुसल्या, खोडरबराचा भुगा नीट झटकला, खाचेत कोरडा ब्रश फिरवला. मग पट्टी सरळ धरून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली. दोन्हीकडून ‘टक्’ असा आवाज आला. आधी एकाच टोकाचा आला होता, तेही कारण असू शकतं. मशीन सुरू झालं.

प्रॉपर्टीज उघडल्या: ‘८.०० जीबी (वापरण्याजोगी ३.४१ जीबी)’.

तोच ३.४१. तीन तारखेला वाचून सोडून दिलेला आकडा. खाली दुसऱ्या ओळीत कारणही लिहिलेलं होतं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम. मागे कधीतरी दुरुस्तीच्या वेळी ह्या मशीनवर ३२-बिट विंडोज टाकलं गेलं होतं. त्याच्याकडे पत्ते लिहायला ३२ अंकी चौकट, त्यामुळे एकूण ४ जीबीपलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात. पेटी दुप्पट झाली, पण विणकराचा हात पहिल्या कप्प्यापलीकडे पोचत नव्हता.

प्रोसेसर ६४-बिट आहे, म्हणजे इलाज आहे. पण ३२ वरून ६४ वर तसंच चढता येत नाही, विंडोज नव्याने टाकावं लागतं. रॅम विकत घेण्याआधी ही एक ओळ वाचा. कॉम्प्युटर न उघडता, एक रुपया न घालता कळणारी गोष्ट होती.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

दुपारनंतर कोणी कामावर नसतं, म्हणून हाच दिवस धरला. आधी बॅकअप. टॅलीचा डेटा त्या ₹४,३००च्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवला आणि भावाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिला. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, असं मी धरते. त्या डिस्कने वेग दिला नाही, पण आज तिच्यामुळे मी निर्धास्त होते.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ६४-बिट विंडोज १० टाकलं. जुनं लायसन्स त्याच मशीनवर ६४-बिटलाही चाललं, वेगळे पैसे लागले नाहीत. मधे ‘कुठे टाकू’ विचारतं तिथे श्वास रोखून फक्त सी निवडला. डी ड्राइव्हवर सहा वर्षांची बिलं आहेत.

अडलं ते बारकोड प्रिंटरवर. त्याचा जुना ड्रायव्हर (प्रिंटर विंडोजशी जोडणारा प्रोग्राम) ३२-बिटचा होता, नव्या विंडोजने घेतला नाही. ६४-बिटचा शोधून लावेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. प्रिंटरच्या मागचा मॉडेल नंबर आधीच टिपून ड्रायव्हर हाताशी ठेवायला हवा होता.

आता प्रॉपर्टीजमध्ये ७.८७ जीबी वापरण्याजोगी.

२२ मार्च, शनिवार

तीन दिवसांचा अनुभव. टॅली, एक्सेल आणि बारा टॅब एकत्र उघडे, मेमरी ६० ते ६५ टक्के. ह्याच्यावरून त्याच्यावर जाणं लगेच होतं, विंडो पांढरी पडत नाही. हार्ड फॉल्टचा आलेख जमिनीला टेकलाय.

पण सकाळी मशीन सुरू व्हायला ३ मिनिटं ५ सेकंद लागतात. टॅली पहिल्यांदा उघडायला दीड मिनिट. ६:४० वरून ३:०५ झाले त्यातला बराच वाटा नव्या कोऱ्या विंडोजचा आहे, रॅमला त्याचं श्रेय देणार नाही. सकाळी पेटी रिकामीच असते. पहिल्या कांड्या गोदामातूनच येणार, पेटी कितीही मोठी असो. हा टप्पा रॅमने सुटणारा नाही.

२३ मार्च, रविवार

२४० जीबीची साटा जोडाची एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क) आणली, ₹१,६५०, आणि केबल ₹८०. सी ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवली, त्यात सव्वा तास गेला. मशीन बंद-चालू केलं. ३ मिनिटं ४ सेकंद.

मन खट्टू झालं. एसएसडी खराब आहे असं समजून मी ती परत करायची तयारी केली. दुपारी जेवताना सुचलं की मशीन सुरू कोणत्या डिस्कवरून होतंय ते मी पाहिलंच नाही. जुनी हार्ड डिस्कही जोडलेली, तिच्यावरही विंडोज आहे, आणि बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पहिला नंबर तिचाच. जुन्या डिस्कची केबल काढली, एकट्या एसएसडीवर सुरू केलं: ३६ सेकंद! मग केबल परत लावून बायॉसमध्ये क्रम बदलला. प्रत काढल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क सोडवूनच ठेवा.

खोक्यावर सेकंदाला ५०० एमबीच्या वर लिहिलेलं. मोजलं तर वाचनाचा वेग २६८ एमबी. एसएसडीचा दोष नाही. एच६१ बोर्डावरचे साटा जोड ३ गिगाबिटचे आहेत, त्यातून सेकंदाला ३०० एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. तरी फरक एवढा का पडला? जुनी डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायची वाट पाहण्यात सरासरी अर्धी फेरी जाते, त्याआधी डोकं सरकायला वेळ लागतो तो वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली उचलतं आणि प्रत्येकीला ही वाट पाहणं आलं. एसएसडीत फिरणारं काही नाही. अण्णांच्या हिशोबात सांगायचं तर २८ तासांची गोदामाची फेरी साधारण १७ मिनिटांवर आली. पेटीच्या एका सेकंदाची बरोबरी मात्र तरीही नाही.

टॅली ११ सेकंदांत उघडते. जुनी हार्ड डिस्क काढली नाही, डी ड्राइव्ह म्हणून तीच आहे.

२५ मार्च, मंगळवार

पुष्कळ जण सांगतात की एसएसडी टाका, रॅमची गरज नाही. खरं-खोटं पाहायला मुद्दाम एक पट्टी काढली. ४ जीबी आणि एसएसडी. सुरू व्हायला तेच ३६-३७ सेकंद. नुसत्या टॅलीत काही फरक नाही. बारा टॅब उघडून ये-जा सुरू केली की मात्र तीन-चार सेकंदांची खीळ बसायला लागली आणि हार्ड फॉल्टचा आलेख पुन्हा छताला. पूर्वी ह्याच जागी पाऊण मिनिट लागायचं, म्हणून सहन होतं आणि माणसाला वाटतं की भागलं. पण एसएसडीच्या कप्प्यांना लिहिण्याची मर्यादा असते, रोज दिवसभर तिच्यावर असा माल फेकणं मला पटत नाही. पट्टी परत बसवली.

२८ मार्च, शुक्रवार

कांड्या भरणाऱ्या मावशी मोबाईल घेऊन आल्या. “अक्का, मेमरी वाढवून घेतली म्हणं, तीनशे दिले, तरी फोटो निघंना.” फोन ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजचा. फोटो निघत नव्हता कारण स्टोरेज भरलं होतं. एका दुकानात त्यांना सेटिंगमधली ‘एक्स्टेंडेड रॅम’ चालू करून दिली होती. ही सोय काय करते? फोनच्या स्टोरेजमधलेच काही जीबी राखून ठेवते आणि पेजफाइलसारखे वापरते. म्हणजे आधीच भरलेल्या गोदामातून आणखी ४ जीबी गेले, आणि त्याचे पैसे घेतले. मला फार वाईट वाटलं. तीनशे रुपये म्हणजे मावशींची किती कांड्या भरण्याची मजुरी.

ती सोय बंद केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर ‘मॅनेज स्टोरेज’ असतं, तिथे ग्रुपवार किती साठलंय ते दिसतं. नातवाचे फोटो आधी वेगळे काढले, मग दोन ग्रुपांतले व्हिडिओ आणि शुभ सकाळची चित्रं पुसली. १९ जीबी मोकळे झाले.

आपल्याकडे ‘मेमरी कार्ड’ हा शब्द मोबाईलबरोबर घरोघरी आला आणि मेमरी म्हणजे फोटो-गाणी ठेवायची जागा, असं मनात बसलं. ते कार्ड खरं तर साठवणीचं. कॉम्प्युटरवाला मेमरी म्हणतो तेव्हा त्याला रॅम म्हणायची असते. मी आता घरात आणि कारखान्यात दोन वेगळे शब्द वापरते, ‘रॅम’ आणि ‘साठवण’. मेमरी हा शब्दच बोलण्यातून काढलाय, आणि दिवाणजीही “कुठली मेमरी, पेटी का गोदाम?” असं विचारायला लागलेत.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला, आज वर्षाचा हिशोब बंद. दुपारी पुन्हा लाईट गेली. यूपीएस अकरा मिनिटं टिकला, तेवढ्यात सगळं सेव्ह करून मशीन नीट बंद केलं. एकही नोंद गेली नाही.

६ एप्रिल, रविवार

खर्च: बाहेरची डिस्क ४,३००, यूपीएस बॅटरी ९५०, रॅम ८५०, बदलीचे कापलेले १५०, एसएसडी १,६५०, केबल ८०. एकूण ₹७,९८०. मंदपणावरचा खरा इलाज त्यातल्या २,५८० रुपयांत झाला. डिस्क आणि बॅटरी वाया नाही गेल्या, पण त्या ज्यासाठी म्हणून घ्यायच्या त्यासाठी घेतल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्या मशीनवर याहून जास्त घालणार नाही. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचीच, आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्याचा. नवीन मशीन घेऊ तेव्हा डीडीआर३च्या पट्ट्या तिथे चालणार नाहीत, एसएसडी चालेल.

कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: रॅमचं लेबल, एसएसडी लावल्याची तारीख, यूपीएस बॅटरीची तारीख, बारकोड प्रिंटरचा मॉडेल नंबर. लव काढायची पुढची तारीख १ मे. ह्या वेळी ब्लोअर मारण्याआधी पट्ट्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायच्या आणि दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावायची.